विजेत्याने पुढे चालावे या नियमाबाबत

दिनांक : ७ एप्रिल २०२५

प्रति,
मा. तहसीलदार तथा कार्यकारी दंडाधिकारी,
तहसील कार्यालय, दौंड,
जि. पुणे.

अर्जदार : सौ. सुरेखा महेंद्र ओव्हाळ, वय ३८, धंदा नोकरी, रा. मौजे आंबेखळी, ता. दौंड.

विषय : मोबाइल गेम स्पर्धेच्या नियमावलीची दुसरी आवृत्ती लिहिण्याच्या कामातून मला मुक्त करणे व यात्रा पार पडेपर्यंत माझ्या घरास संरक्षण मिळणेबाबत.

संदर्भ : १) गावच्या शांतता समितीची बैठक, ज्यात मला पंच नेमण्यात आले.
२) स्पर्धेची नियमावली, आवृत्ती १, विशेषतः कलम ९.

महोदय,

१. मी रांजणगाव औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीत गुणवत्ता विभागात नोकरीस असून चौफुल्यावरून कंपनीच्या बसने जाते-येते. कोणते काम कोणत्या क्रमाने करावे, कोणी तपासावे आणि चुकल्यास काय करावे, याचे कागद तयार करणे हे माझे रोजचे काम. त्या कागदांवर आवृत्तीचा क्रमांक असतो आणि एकदा सह्या झाल्या की त्यातला काना-मात्राही कोणाला बदलता येत नाही. ही शिस्त मी गावाच्या कामात आणली आणि तिथेच फसले. सुरुवातीलाच नम्रपणे नोंदवते की मी घाबरलेली आहे. मजकूर कुठे मागेपुढे झाला असेल तर त्याचे कारण एवढेच समजावे.

२. आमच्या गावात चैत्रात भैरवनाथाची यात्रा भरते. यात्रेच्या छबिन्यात, म्हणजे देवाच्या मिरवणुकीत, दोन मानाच्या काठ्या निघतात. काठी म्हणजे दोन-तीन पुरुष उंचीचा, रंगीत कापड गुंडाळलेला बांबू, वर मोरपिसांचा झुबका. एक काठी वरच्या आळीची, दुसरी नदीकडच्या आळीची. दोन्ही वेशीपाशी एकाच वेळी येतात आणि वेस अरुंद असल्याने एका वेळी एकच आत जाते. तिथे क्रमावरून दरवर्षी ढकलाढकली होते. गेल्या वर्षी डोकी फुटली, दोघांना पुण्याला हलवावे लागले. यंदा असे काही झाले तर पुढच्या वर्षीपासून यात्रेला परवानगीच मिळणार नाही, अशी ताकीद गावाला मिळालेली आहे.

३. म्हणून शांतता समितीची बैठक झाली. तरुण पोरांनी सुचवले की हा निकाल वेशीत लावण्याऐवजी आधीच मोबाइल गेममध्ये लावावा. बंदुकीचा गेम, चार-चार जणांचे संघ, ज्याचा गडी शेवटपर्यंत जिवंत राहील तो संघ विजयी. वरच्या आळीचे वडीलधारे हौसराव आप्पा यावर म्हणाले, "गेममधलं रगात पुसावं लागत न्हाई. मंग हरकत काय हाय?" नदीकडच्या आळीचे तात्याबा मामा यांनीही मान डोलावली. हे दोघे एकमेकांच्या बोलण्याला मान डोलावतात हेच मोठे होते, त्यामुळे ठराव लगेच झाला.

नियम कोणी लिहायचे आणि पंच कोण, हा प्रश्न आला तेव्हा माझे नाव निघाले. कंपनीत गुणवत्ता सप्ताहात मी याच गेमची विभागवार स्पर्धा भरवली होती, हे एक कारण. दुसरे असे की आम्ही कोणत्याच आळीत मोजले जात नाही. आमची वस्ती ओढ्यापलीकडे, बुद्धविहाराभोवती आहे. वस्तीतले कोणी छबिन्यात जात नाही. त्यामुळे तटस्थ म्हणून माझे नाव विनाचर्चा मंजूर झाले. आमच्या वस्तीसंबंधी काही इतक्या झटपट मंजूर झालेले मी लग्न होऊन आल्यापासून पाहिले नव्हते. मला त्या दिवशी अभिमान वाटला, हे लपवत नाही.

४. नियमावली मी मन लावून केली. चांगला फोन असणाऱ्याचा नेम चांगला लागतो, म्हणून आठही खेळाडूंना एकाच दुकानातून एकाच जातीचे फोन आणून दिले. वरच्या आळीत टॉवर असल्याने तिथे नेट जोरात चालते, म्हणून खेळ शाळेच्या पटांगणात, एकाच वायफायवर ठेवला. विकत घेतलेल्या बंदुका व कपडे बंद. प्रत्येक फेरीनंतर बाजू बदलायच्या, म्हणजे डोंगराकडची बाजू एकालाच मिळायची नाही. मोठ्या माणसांनी खेळाडूच्या पाठीशी उभे राहून शिकवायचे नाही. तीन फेऱ्या. फेरीत दोन्ही संघ एकाच क्षणी संपले तर ज्याने समोरच्याला जास्त इजा केली तो त्या फेरीचा विजेता, कारण माझ्या मते लढणाऱ्याला काहीतरी मिळाले पाहिजे. आणि कलम १२ : जो संघ मुद्दाम हरेल त्यास पराभूत घोषित करण्यात येईल. हे कलम कंपनीच्या स्पर्धेतून जसेच्या तसे उचलले होते. तिथे ते कधी वापरावे लागले नाही.

५. आता माझी चूक सांगते. कलम ९ मध्ये मी लिहिले, "विजेत्या आळीची काठी वेशीतून पुढे जाईल व पराभूत आळीची काठी तिच्या मागे जाईल." हे लिहिताना माझ्या मनात तिळमात्र शंका आली नाही. पहिला नंबर पुढे, दुसरा मागे, असेच मी शाळेपासून पाहत आले. दरवर्षी वेशीत दोन्ही आळ्या एकमेकांना ढकलतात हे मी ओढ्यापलीकडून पाहिले होते. पण त्या एकमेकांना मागे ढकलतात की पुढे, हे तिथून दिसत नाही.

महोदय, त्या एकमेकांना पुढे ढकलत होत्या. आमच्या गावात मान मागच्या काठीचा आहे. पुढची काठी वाट मोकळी करत जाते आणि मागची त्या मोकळ्या वाटेने ऐटीत येते. मागून येणारा मोठा आणि पुढे चालणारा त्याचा हरकाम्या, असा समज आहे. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. सगळ्यांना ठाऊक असल्यामुळेच मला कोणी सांगितले नाही. माझ्या सासूबाई आक्काबाई यांनाही ठाऊक होते. मी नंतर त्यांना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "तू इचारलंस कुठं? तू तर कंपनीचं लिवतीयास असं मला वाटलं."

६. बैठकीत मी सर्व कलमे मोठ्याने वाचली होती. फोन कोणत्या दुकानाचे यावर बराच वाद झाला, कारण दुकानदार वरच्या आळीचा जावई निघाला. कलम ९ येईपर्यंत निम्मे लोक तंबाखू मळत होते. ज्याने-त्याने आपल्या मनात आहे तेच ऐकले आणि सह्या केल्या. मी खाली छापील ओळ टाकलीच होती की सह्यांनंतर बदल होणार नाही.

७. स्पर्धेच्या सकाळी नियमावलीचा फ्लेक्स पटांगणात लागला, तेव्हा खेळणाऱ्या पोरांनी तो प्रथम नीट वाचला. कलम ९ दोन्ही संघांच्या लक्षात आले. त्याच वेळी कोणीतरी माझ्याकडे येऊन "मॅडम, हे उलटं झालंय" असे म्हटले असते तर मी शिस्त गुंडाळून ठेवून दुरुस्ती केली असती, असे आज वाटते. पण कोणीच आले नाही. वरच्या आळीला वाटले, नदीकडच्यांच्या हे ध्यानात आलेले नाही, आपण गुपचूप हरून मान घेऊ. नदीकडच्यांनाही अगदी हेच वाटले. बोलणारा आपला डाव उघड करणार होता, म्हणून गप्प राहण्यातच दोघांचा फायदा होता. या प्रकाराला कंपनीच्या प्रशिक्षणात एक लांबलचक नाव शिकवले होते, ते आता आठवत नाही. कलम लिहिणाऱ्याने आधी हे विचारायला हवे की जिंकणाऱ्याला खरोखर जिंकायचे आहे का. मी विचारले नाही.

८. स्पर्धेला अख्खा गाव आणि शेजारच्या कासुर्डीपर्यंतचे लोक आले होते. मोठा पडदा लावला होता. बोलायला बैलगाडा शर्यतीच्या घाटातले दत्ता निवेदक आणले होते, ज्यांचा आवाज ऐकून थकलेला बैलही उठतो असे म्हणतात. खेळ सुरू झाला. या गेममध्ये मैदान हळूहळू लहान होत जाते आणि जो वर्तुळाच्या बाहेर राहतो त्याचा जीव कमी होत जातो. पहिल्या फेरीत आठही खेळाडू बंदुका पाठीला लावून वर्तुळाच्या बाहेर पळत सुटले. दत्ता निवेदकांना वाटले ही काहीतरी मोठी चाल आहे. त्यांनी दोन्ही संघांच्या गनिमी काव्याचे तोंडभरून कौतुक केले. मग आठही गडी गवतात उभ्या उभ्या मेले. नदीकडचा एक गडी डोळ्याचे पाते लवते ना लवते इतकाच उशिरा मेला आणि ती फेरी नदीकडच्यांनी जिंकली. त्यांच्या बाकावर सुतकी शांतता पसरली.

दुसऱ्या फेरीत नदीकडचे शहाणे झाले होते. फेरी सुरू होताच त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. वरच्या आळीला कडा सापडेपर्यंत ती जिंकून बसली होती. आता एक-एक. निवेदकांचा आवाज बसला होता. ते एवढेच म्हणाले, "आरं कुणीतरी कुणाला तरी मारा की रं." लोक हसत होते, मग हसेनासे झाले, मग माझ्याकडे बघू लागले. मी पंचाच्या खुर्चीत बसले होते. कलम १२ वापरावे म्हणून मी उठले, तर दोन्ही संघांचे कप्तान धावतच माझ्याकडे आले. "आमी मुद्दाम हरतोय, आमाला बाद करा," असे दोघेही एकाच वेळी म्हणत होते. मुद्दाम हरणाऱ्याला शिक्षा म्हणून मी हार ठेवली होती, आणि ती शिक्षा घ्यायला दोघे रांगेत उभे होते.

तिसऱ्या फेरीत आठही जणांनी एकाच क्षणी उड्या टाकल्या. मी दोन्ही संघ इतके समान करून ठेवले होते की हरण्यातही कोणी सरस ठरेना. मात्र कड्याकडे पळताना वरच्या आळीच्या स्वराजच्या समोरून नदीकडचा एक गडी आडवा गेला. स्वराज हा हौसराव आप्पांचा नातू, पुण्यात कॉलेजला असतो, गेममध्ये त्याचा हात धरणारा तालुक्यात नाही. त्याने गोळी झाडली. ठरवून नाही, त्याच्या बोटांना तशी सवयच आहे. पडद्यावर समोरच्याच्या जिवातून थोडासा तुकडा कमी झालेला सर्वांनी पाहिला. इजा करणाऱ्याला फेरी, या माझ्याच नियमाने वरची आळी विजयी झाली. मी निकाल वाचला. नदीकडच्यांनी हरल्याचा गुलाल उधळला. विजेते डोक्याला हात लावून बसले होते.

९. त्या दिवसापासून माझ्या घराभोवती जे चालले आहे ते आता लिहिते. मला कोणी शिवी दिलेली नाही, हात उगारलेला नाही, म्हणून तक्रार कशाची करावी हेही कळत नाही. हौसराव आप्पा घरी आले, चहा घेतला आणि शांतपणे म्हणाले, "बाई, आमचा काय गुन्हा झाला म्हून तुमी आमाला जिकवलं?" मी नियम दाखवला. त्यांनी खिशातून चष्मा काढून तो वाचला, कागद घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "कागूद तुमचा. गाव आमचं हाय." त्यांचा संघ आता लेखी देतो आहे की आम्ही मनापासून हरायचा प्रयत्न केला होता, ती गोळी चुकून सुटली, सबब आम्हाला पराभूत घोषित करावे. दुसऱ्या दिवशी तात्याबा मामा आले. "हार आमच्या घामाची हाय," ते म्हणाले, "ती कुणाला दिऊ नका." जाताना त्यांनी आमच्या दाराची कडी उगाचच लावून-उघडून पाहिली.

मला ताई म्हणणारे आता मॅडम म्हणतात. ओढ्याच्या मोरीवर दोन्ही आळ्यांची चार-दोन पोरे आलटून-पालटून बसलेली असतात. मी गेले की उठून उभी राहतात. बसमध्ये माझ्यासाठी खिडकीची जागा धरलेली असते आणि ती धरणारा माझ्याशी एक शब्द बोलत नाही. या अदबीची मला इतकी भीती बसली आहे की एखाद्याने तोंडावर भांडण केले तर बरे वाटेल. माझे पती महेंद्र हे पाटसकडे ऊस वाहणारा ट्रॅक्टर चालवतात. ट्रॅक्टर हौसराव आप्पांच्या भावकीचा आहे. हंगाम संपल्यावर दरवर्षी त्यांना शेतीच्या कामाला ठेवून घेतात, यंदा बोलावणे आलेले नाही. मुलगी रुपाली हिला मी माहेरी शिरूरला पाठवले आहे. आक्काबाई भर दुपारी दार आतून लावून बसतात आणि मी आल्यावर आधी आवाज ओळखतात, मग कडी काढतात.

१०. वरच्या आळीच्या त्या अर्जामुळे समितीने फेरसामना १३ तारखेच्या रविवारी ठेवला असून त्याआधी नियमावलीची दुसरी आवृत्ती मी द्यायची आहे. मी प्रत्येक वाट चाचपून पाहिली. जिंकणारा मागे, असे सरळ उलटे करावे तर नदीकडचे म्हणतील की निकाल लागल्यावर नियम फिरवून आमचा मान काढला. चिठ्ठी टाकावी तर चिठ्ठी कोणाच्या टोपीत टाकायची यावरच बैठक मोडली. दोन्ही काठ्या एकदम न्याव्यात तर वेस फोडावी लागेल. जिंकणाऱ्याने पुढे की मागे हे स्वतः निवडावे, हा नियम मला सर्वांत बरा वाटला होता, कारण त्यात कोणालाच हरावेसे वाटणार नाही. तो मी दोघांनाही ऐकवला. तेव्हा वरच्या आळीने विचारले की मग स्वराजच्या गोळीचे काय, आणि नदीकडच्यांनी विचारले की मग आमच्या गुलालाचे काय. पहिला निकाल पुसला जातो हे कोणालाच चालत नाही, दोघांनाही त्यातली हार आपल्या नावावर हवी आहे.

११. तीन दिवसांपूर्वी हौसराव आप्पा आणि तात्याबा मामा एकत्र आमच्या दारात आले. दोघे एकाच बाजेवर बसले. त्यांचे एकमत झाले होते. आप्पा म्हणाले, "भांडान मिटलं, मॅडम. तुमच्या वस्तीची पोरं बी गेम चांगला खेळत्यात म्हणं. त्यांचा बी संघ घ्या. गाव एकच हाय, न्हाई का?" मामा म्हणाले, "कलम नऊ हाय तसंच ऱ्हाऊ द्या. जिकल त्याची काठी फुडं. काठी आमी दिऊ सजवून. मागचं आमी दोघं बगून घिऊ."

प्रथम मला हायसे वाटले, हे मान्य करते. आमच्या वस्तीला गावाच्या स्पर्धेत कधी बोलावलेले नव्हते. वस्तीतल्या चार पोरांना ही बातमी कळली तेव्हा जयंतीचे बॅनर बांधायचे काम अर्धे टाकून ती विहारामागे सरावाला बसली. त्यांचा आनंद मला पाहवत नाही. कोणते फोन मिळणार, कोणती बाजू आधी मिळणार, हे ती मला रोज विचारतात.

कागदावर हा नियम निर्दोष आहे. तीन संघ, एकसारखे फोन, एकच वायफाय, जिंकेल तो पुढे. आमच्या कंपनीचा कोणताही तपासनीस यात खोट काढू शकणार नाही. पण दोन संघ हरायला बसलेले असतील आणि हरण्यात ते आता पटाईत झाले आहेत. तिसरा एकटाच जिंकायला येईल आणि नक्की जिंकेल. त्याला हरता येणारच नाही. आमच्या पोरांनी वाट मोकळी करत पुढे चालायचे, त्यांच्या मागून दोन्ही आळ्यांनी मानाने यायचे, आणि हे सर्व निष्पक्ष स्पर्धेतून, माझ्या सहीने.

१२. ते दोघे गेल्यावर आक्काबाईंनी आधी दाराची कडी लावली. मग म्हणाल्या, "फुडं चालायचं काम आपलंच व्हतं. मशाली आपल्या, हलगी आपली. वाटंवरचा काटा-धोंडा आपून उचलायचा, मागनं त्येंच्या काठ्या." धर्मांतरानंतरच्या पहिल्याच यात्रेत माझे आजेसासरे आणि वस्तीतील इतर माणसे वेशीपाशी मशाली विझवून, खाली ठेवून घरी निघून आली. त्या वर्षी गावाने आमच्या लोकांना कामावर घेतले नाही, पिठाची गिरणी बंद केली, विहिरीकडची वाट बंद केली. आक्काबाई तेव्हा शाळकरी होत्या आणि याच वस्तीत राहत होत्या. वस्तीने कण्या खाल्ल्या पण मशाल पुन्हा धरली नाही. पुढे चालायला कोणी उरले नाही, तेव्हापासून दोन आळ्यांत पुढे कोण चालणार याचे भांडण आहे, ही गोष्ट मला त्या दिवशी प्रथम कळली. गावाला ती पहिल्यापासून माहीत असावी.

मी आक्काबाईंना विचारले की आता मी काय करू. त्या म्हणाल्या, "मला भ्या वाटतंय, सुरेखा. पर त्ये लिवू नगंस."

सबब आपणांस माझी विनंती अशी :

(अ) नियमावलीची दुसरी आवृत्ती लिहिण्यातून व पंच म्हणून काम पाहण्यातून मला आपल्या लेखी आदेशाने मुक्त करावे. आदेश तोंडी असल्यास गावात तो मीच मागून आणला असे होईल. लेखी असल्यासही तसेच होईल, पण निदान माझ्या हातात कागद राहील.

(ब) वेशीतील काठ्यांचा क्रम आपण किंवा आपण नेमाल त्या बाहेरच्या अधिकाऱ्याने ठरवावा. तो कसाही ठरवला तरी चालेल, फक्त त्यात आमच्या वस्तीला पुढे घालू नये.

(क) १३ तारखेपासून यात्रा संपेपर्यंत ओढ्याच्या मोरीवर एक तरी गणवेशातील माणूस असावा. मोरीवरून आमच्या वस्तीत एकच रस्ता येतो.

(ड) या अर्जावर गावातून अहवाल मागवू नये. अहवालासाठी अर्ज गावात गेला की तो आधी दोन्ही आळ्यांत वाचला जाईल. आपल्या कार्यालयाची पद्धत तशी असल्यास निदान १३ तारीख उलटेपर्यंत थांबावे, ही हात जोडून विनंती.

मी हा अर्ज निनावी टाकणार होते. दौंडच्या एका वकिलांनी सांगितले की निनावी अर्जावर बहुधा काही होत नाही. महेंद्र म्हणतात, दोन ओळींचा तर नियम आहे, लिहून दे आणि मोकळी हो, ट्रॅक्टर तरी परत मिळेल. ते वाईट माणूस नाहीत, तेही घाबरले आहेत. काल संध्याकाळी मी विहारामागे जाऊन त्या चार पोरांना सर्व सांगितले. फोन खिशात घालून ती उठली आणि जयंतीचा राहिलेला बॅनर बांधायला गेली. आता दोन्ही आळ्यांना तिसरा संघ मिळणार नाही, हे त्यांना मोरीवरून कळायला आजचा दिवसही लागणार नाही. म्हणून हा अर्ज टपालाने न पाठवता मी स्वतः घेऊन आले असून आपल्या कार्यालयाच्या व्हरांड्यात बसून पूर्ण केला आहे. पोच मिळाल्याशिवाय मी घरी जाणार नाही. मिळाल्यावर कशी जाईन हे मला अजून माहीत नाही.

आपली, घाबरलेली परंतु स्वहस्ते लिहिणारी,

(सही)
सुरेखा महेंद्र ओव्हाळ

सोबत :
१) नियमावली, आवृत्ती १, फ्लेक्सच्या छायाचित्रासह.
२) वरच्या आळीच्या संघाचा, स्वतःलाच पराभूत घोषित करावे असा अर्ज.
३) नियमावली, आवृत्ती २ : जोडलेली नाही. लिहिलेली नाही. माझ्याकडून लिहिली जाणार नाही.